आंब्याची गाडी रत्नागिरीहून दिल्लीला: रूट कोणता, कागद कोणते, ड्रायव्हर किती?

पावसकर_बागवाला
मंडळी नमस्कार. दरवर्षी आमचा माल वाशीला जातो, या वर्षी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने थेट आझादपूर मंडीत माल मागितलाय. मेव्हण्याने आणि मी मिळून एक सहाचाकी सेकंडहँड घेतलीय, तीच पाठवायचा विचार आहे. मालात हापूसच्या पेट्या आणि थोडे पल्पचे डबे. व्यापारी म्हणतो ४८ तासांत पोच द्या. मोबाईलवर अंतर साधारण १७५० किलोमीटर दाखवतोय आणि वेळ तीसेक तास, म्हणजे ४८ तासांत आरामात बसतंय असं मला वाटतं. ड्रायव्हर एक, चांगला अनुभवी आहे, सोबत क्लीनर (त्याच्याकडे लायसन नाही).
प्रश्न असे की आंबा घाट-कोल्हापूर-पुणे-नाशिक-धुळे-इंदूर असं जावं की पनवेलवरून गुजरातमार्गे? आणि महाराष्ट्राबाहेर गाडी काढायला काय काय कागद लागतात? एजंट प्रत्येक वेळी नवीन काहीतरी सांगतो आणि पैसे मागतो.

घाटातला_गियर
तीस तास हा कारचा हिशोब आहे हो. भरलेल्या सहाचाकीला चहा, टोल, डिझेल, जाम धरून सरासरी ४५ मिळाली तरी डोक्यावरून पाणी. १७५० भागिले ४५ म्हणजे ३९ तास नुसतं चाक फिरतंय. त्यात झोप कुठाय?

मालवणी_म्हावरा
ता सगळा नंतर. आधी सांग गाडी खंयच्या सालची? बीएस (धुराच्या नियमाचो टप्पो) किती?

पावसकर_बागवाला
२०१८ ची आहे, बीएस फोर. का हो?

मालवणी_म्हावरा
मग ह्या वर्सा वाचलंस. दिल्लीत भायरच्या पासिंगचे बीएस थ्री नि त्याच्या खालचे मालगाडये १ नोव्हेंबर २०२५ पासून बंद केल्यानी. बीएस फोरक ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुभा आसा. म्हणजे ह्यो सीझन जातलो, फुडल्या सीझनाक तीच गाडी दिल्लीच्या हद्दीर उभी रवतली. गाडी घेवच्या आधी कोणाक इचारलंस काय?

पावसकर_बागवाला
हे कोणीच सांगितलं नव्हतं. विकणाऱ्याने तर नाहीच.

चिपळूणचा_कागदवाला
विकणारा कशाला सांगेल. असो, मी हेच काम करतो म्हणून सविस्तर लिहितो, एजंटला पैसे द्यायच्या आधी वाचा.

पहिलं नॅशनल परमिट. संयुक्त फी वर्षाला १६,५०० रुपये, ऑनलाइन भरता येते, त्यात सगळी राज्यं आली, प्रत्येक राज्याचा वेगळा परमिट टॅक्स नाही. मल्टीॲक्सल (दोनपेक्षा जास्त ॲक्सलची) नसलेल्या गाडीला १२ वर्षांपर्यंतच नॅशनल परमिट मिळतं, तुमची २०१८ ची म्हणजे अजून चालेल. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. तुमची गाडी आठ वर्षांच्या काठावर आहे, तारीख बघा, कारण सेकंडहँड गाडीत फिटनेस नेमका प्रवासाच्या मध्यावर संपतो हे मी नेहमी बघतो. पीयूसी, इन्शुरन्स, टॅक्स हे आलंच. इन्शुरन्स गाडीचा असतो, मालाचा नाही, मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा काढावा लागतो. कागद डिजीलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी कायद्याने चालतात, पण ड्रायव्हरच्या फोनची बॅटरी संपली की कायदा कामाला येत नाही, झेरॉक्सची फाइल द्याच.

मालाचं: ताज्या आंब्याला जीएसटी नाही म्हणून ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन जीएसटी कागद) नाही, पण बिल ऑफ सप्लाय (करमुक्त मालाचं बिल) किंवा चलन आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) हवीच. पल्पचे डबे मात्र करपात्र. डब्यांची किंमत ५०,००० च्या वर गेली तर ई-वे बिल काढावंच लागेल. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे तुमच्या १७५० ला नऊ दिवस, भरपूर आहेत. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये नवीन गाडीचा नंबर टाकल्याशिवाय एक इंचही हलू नका. हे लोक विसरतात आणि मग टॅक्सच्या दुप्पट दंड भरून गाडी सोडवत बसतात.

दापोलीचा_दादा
वजनाचं पण सांगा की, सहाचाकीला १८.५ टन चालतं ना आता?

चिपळूणचा_कागदवाला
जुलै २०१८ मध्ये दोन ॲक्सलला १६.२ चं १८.५ झालं, तीन ॲक्सलला २५ चं २८.५. पण नाक्यावरचा माणूस तुमच्या आरसीवरचा आकडा बघतो, पेपरातली बातमी नाही. २०१८ ची गाडी म्हणजे दोन्हीपैकी काहीही असू शकतं. आरसी उघडा, त्यावर असलेल्या जीव्हीडब्ल्यूमधून (मालासकट गाडीचं कमाल वजन) रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरलं तेवढा माल. जास्त भरला तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आणि जादा माल तिथेच उतरवायचा. वजन करायला नकार दिला तर ४०,०००.

पावसकर_बागवाला
आंबा हलका असतो, वजनाचा प्रश्न येईल असं वाटत नाही. पल्पचे डबे मात्र जड आहेत.

घाटातला_गियर
बरोबर, आंब्याच्या गाडीत वजनाआधी उंची भरते. म्हणूनच लोक हौदाच्या वर थर चढवत जातात आणि घाटातल्या वळणावर गाडी झुकते. डबे खाली आणि हौदाच्या पुढच्या भागात मागच्या चाकापर्यंत पसरून ठेव, सगळे मागे टाकलेस तर पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग लागत नाही. पेट्यांच्या रांगांत हाताचा पंजा जाईल एवढी फट सोड, आत वारा फिरला पाहिजे. आणि ताडपत्री गच्च बांधून चारी बाजूनी बंद केलीस तर दिल्लीत आंबा नाही, लोणचं पोचेल.

मुंबईकर_चाकरमानी
लोणचं पोचलं तर त्याला ई-वे बिल लागेल का? 😀

चिपळूणचा_कागदवाला
लागेल. करपात्र आहे.

हायवेचा_राजा
एवढं घाबरवू नका त्यांना. मी कित्येक वर्षं एकटा दिल्ली मारतोय, रत्नागिरीहून निघालो की वडोदऱ्याला आंघोळ, जयपूरला जेवण. दोन ड्रायव्हर म्हणजे दोन पगार, दोन भत्ते, आंब्याच्या भाड्यात काय उरतं? आणि दोन ड्रायव्हरची सक्ती सरकारनेच काढली २०१८ ला.

चिपळूणचा_कागदवाला
सक्ती निघाली ती परमिटच्या नियमातली. कामाचे तास कोणी काढले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातले (तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत गेला) तास ट्रक ड्रायव्हरला लावले: दिवसाला आठ, लांबच्या पल्ल्याला परवानगी असेल तर दहा, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. आता घाटातला_गियर यांचे ३९ तास घ्या. एका ड्रायव्हरला चार दिवस. दोघांना दोन दिवस, तेही चाक थांबलंच नाही तर. त्यामुळे ४८ तास हा आकडा एका ड्रायव्हरला कायद्यात बसतच नाही, व्यापाऱ्याला पाहिजे तर त्याने विमानाने न्यावा.

हायवेचा_राजा
कागदावर सगळं छान दिसतं. ड्रायव्हर किती तास चालवतोय हे कोण मोजायला बसलंय?

खेडची_वहिनी
मी मोजते. माझा नवरा गाडीवर असतो. तुम्ही सगळे वडोदरा नि जयपूर सांगताय, तो निघायच्या आधीचं कोणी बोलत नाही. सकाळी आठला गाडी बागेत लावतात, मग पेट्या मोजायला ड्रायव्हर, दोर बांधायला ड्रायव्हर, हमाल कमी आला तर खांद्यावर पेटी घ्यायलाही ड्रायव्हर. संध्याकाळी सहाला गाडी भरते आणि मालक म्हणतो चल आता, माल पिकतोय. तो माणूस स्टेअरिंगवर बसतो तेव्हाच दमलेला असतो, त्याचे तास तुम्ही सहापासून मोजता. आणि नंतर मालकाचा दर तासाला फोन, कुठे पोचलास, कुठे पोचलास. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा पण कायदा आहे ना? मग मालकाने करायचा कशाला? जीपीएस लावा आणि गप्प बसा.

घाटातला_गियर
वहिनी, लाखमोलाचं बोललात. पावसकर, लोडिंगच्या दिवशी ड्रायव्हरला बागेत उभं करू नको. दुपारी जेवून त्याला घरी झोपव, मोजणीला क्लीनर आणि तू उभे राहा. चावी त्याच्या हातात गाडी भरल्यावर दे.

हायवेचा_राजा
हे मात्र पटलं. माझ्या मालकालाही दाखवतो हा धागा.

पावसकर_बागवाला
वहिनी, लक्षात ठेवलं. दुसरा ड्रायव्हर बघतोय, संगमेश्वरचा एक जण मोकळा आहे. आता रूट सांगा कोणीतरी, मेव्हणा आंबा घाट म्हणतोय कारण कोल्हापूरचा रस्ता त्याच्या ओळखीचा आहे.

घाटातला_गियर
मेव्हण्याला म्हणावं ओळखीचा रस्ता म्हणजे सोपा रस्ता नव्हे. तिकडून घाटच घाट. आंबा चढायचा, पुढे खंबाटकी, मग धुळ्याच्या पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर सेंधव्याचा बिजासन घाट, त्याच्या पुढे इंदूरकडे गणपती घाट. शेवटच्या दोन घाटांत ब्रेक फेल होऊन किती गाड्या गेल्यात विचारू नकोस. गुजरातमार्गे पनवेल सोडलं की घाट असे नाहीतच, उदयपूरच्या बाजूला थोडे चढउतार. नवीन क्रू असेल तर पनवेल, ठाणे, मनोर, वापी, सुरत, वडोदरा, अहमदाबाद, उदयपूर, किशनगड, जयपूर असा जा. कोकणातला तुकडा तेवढा जपून, परशुराम घाट आणि खेडजवळचा भोस्ते. कशेडीला बोगदा झाल्यापासून तिथला जाच गेला.

आणि घाट उतरताना एकच गोष्ट: ज्या गियरमध्ये चढवली असतीस त्याच गियरमध्ये उतरव. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचतं असं अजून सांगणारे आहेत. आत्ताच्या इंजिनात गियरमध्ये उतारावर पाय काढलास की डिझेल जातच नाही, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला जातं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल पण जास्त आणि ब्रेकही एकटे पडले. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा) वापर, पायाचा ब्रेक दाबून धरून बसू नको, दाब, सोड, दाब, सोड. जळका वास आला की जागा बघून बाजूला घे आणि ड्रम आपोआप गार होऊ दे. तापलेल्या ड्रमवर क्लीनर बादलीने पाणी ओततो ते बंद कर, ड्रम तडकतो.

दापोलीचा_दादा
परशुराम घाट म्हटलं की मला मासळीच्या गाड्या आठवतात. पुढच्या गाडीतून बर्फाचं पाणी सांडत जातं आणि मागे बाईकवाला घसरतो. ती टाकी लावायला काय होतं या लोकांना?

मालवणी_म्हावरा
दादा, माझ्या गाडयेक खाली टाकी आसा, पाणी थंयच जमता नि पंपार रिकामी करतंव. सगळ्यांका एका माळयेत ओवू नको. पण व्हय, बरेच जण टाकीचो नळ उघडो ठेवतत, ता खरा.

दापोलीचा_दादा
तुम्हाला नव्हतो म्हणत. तुमचा माल कुठे जातो?

मालवणी_म्हावरा
मंगळूर, कधी कोची. धंद्याचा म्हणून सांगतंय. दक्षिणेक जाणाऱ्यांनी कोकण रेल्वेची रोरो इसरां नये. १९९९ सालापासून चलता, कोलाड, वेर्णा, सुरतकल. ट्रक रेल्वेच्या वॅगनीर चढवूचो नि ड्रायव्हरान केबिनीत झोपूचा, चाकांक ना घाट ना खड्डे. फक्त आता लाइन इलेक्ट्रिक झाली, वर तार आसा, तेवा मालाची उंची बुकिंगच्या येळाक इचारून घेवची. पावसात तर माका तीच बरी वाटता. २०२४ च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूराक दरड इली, गाडये वाहून गेले, नि म्हयनो जाता न जाता तेवा कारवारचो काळी नदीवरचो जुनो पूल ट्रकासकट खाली गेलो. त्या रस्त्यार माझे गाडये सदाचे.

मुंबईकर_चाकरमानी
दिल्लीला पण रोरो असती तर पावसकरांचा प्रश्नच मिटला असता.

घाटातला_गियर
रोरो असती तरी मेव्हणा म्हणाला असता आंबा घाटातून जाऊ.

पावसकर_बागवाला
मेव्हणा वाचतोय हा धागा, सांगून ठेवतो 😀 तो म्हणतो ठाण्यातल्या नो एन्ट्रीचं काय?

हायवेचा_राजा
ठाणे-भिवंडी पट्ट्यात अवजड गाड्यांना वेळेची बंधनं असतात आणि ती सारखी बदलतात, निघायच्या दिवशी ट्रॅफिक पोलिसांचं ताजं नोटिफिकेशन बघायचं. मी रत्नागिरी संध्याकाळी सहाला सोडतो, रात्री दोनपर्यंत पनवेल, उजाडायच्या आत ठाणे मागे. मे महिन्यात शुक्रवार-रविवार टाळा, चाकरमान्यांच्या गाड्यांत माणगावलाच तास जातात. हा रूट गणपतीत वापरू नका, तेव्हा १६ टनांवरच्या गाड्यांना हायवेवर बंदी घालतात. पण आंब्याला ते दिवस येत नाहीत म्हणा.

खेडची_वहिनी
दोन ते पाच ही झोपेची वेळ, त्याच वेळात ठाण्याच्या गर्दीत घालताय माणसाला.

हायवेचा_राजा
म्हणून तर दुसरा ड्रायव्हर. पहिला महाडला उतरतो, दुसरा तोपर्यंत मागे झोपलेला असतो. वहिनी, मी बदललोय आता 😀

चिपळूणचा_कागदवाला
दिल्लीच्या टोकाचंही लिहून ठेवा. जयपूरहून थेट गुरुग्राममधून दिल्लीत शिरू नका, मानेसरला केएमपी एक्स्प्रेसवे (दिल्लीला बाहेरून वळसा घालणारा) धरा, तो कुंडलीला काढतो आणि कुंडलीहून जीटी रोडने आझादपूर अगदी समोर. दिवसा ट्रकना बंदीचे तास असतात, त्यामुळे रात्री उशिरा शिरायचं, तशीही मंडीची उलाढाल पहाटेचीच. प्रवेशाला आरएफआयडी टॅग (गाडीची ओळख सांगणारी चिप) हवा आणि पर्यावरण शुल्क भरायचं. फळं-भाज्यांच्या गाड्यांना त्यातून सूट होती ती सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये काढली, तेव्हा व्यापारी जुन्या माहितीवर "काही लागत नाही" म्हणाला तर ऐकू नका, भाडं ठरवताना ते कोण भरणार ते बोलून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, नाहीतर नोव्हेंबर २०२५ च्या नियमाने टोल रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट.

राजापूरचा_हुंडेकरी
इतका वेळ वाचत होतो. सगळे जाण्याबद्दल बोलताय, येण्याचं काय? रिकामी आणलीत तर डिझेल खिशातून. परतीचं भाडं आधी ठरवून ठेवा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. नॅशनल परमिटवर परराज्यात एका गावातून माल भरून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावात उतरवता येत नाही. जयपूरला भरून उदयपूरला उतरवलं की परमिटचा भंग. वाटेतला दलाल "थोडंसंच आहे, वाटेवरच आहे" म्हणून गळ्यात मारतो. भरायचं तर दिल्लीहून थेट महाराष्ट्राचं भरा.
आणि वाटेत कुठल्या तरी नाक्यावर पावतीशिवाय पैसे मागणारे भेटतील. गुजरातने आरटीओ चेकपोस्ट २०१९ ला बंद केले, मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून. कागद आणि वजन बरोबर असेल तर ड्रायव्हरला सांगा, पावती द्या म्हणायचं आणि आवाज चढवायचा नाही. बरेचदा तिथेच विषय संपतो, नेहमी नाही.

दापोलीचा_दादा
रात्री थांबायचं कुठे? आमच्या एका गाडीची ताडपत्री फाडून माल काढला होता, ड्रायव्हर आत झोपलेला.

घाटातला_गियर
दिवे असलेला मोठा पंप, जिथे चार ट्रक आधीच उभे आहेत, आणि पंपवाल्याला सांगून. हायवेच्या कडेला अंधारात कधीच नाही, चोरापेक्षा मागून धडकणाऱ्या गाडीची भीती जास्त. बंद पडली तर मागे लांबवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण, दगड नव्हे. दगड ठेवतात आणि निघताना तसेच सोडून जातात, रात्री दुसऱ्याचा जीव जातो. १०३३ हा हायवेचा नंबर ड्रायव्हरच्या दोन्ही फोनमध्ये घाल.

पावसकर_बागवाला
सगळ्यांचे आभार, बरंच काही कळलं. आत्ताच व्यापाऱ्याशी बोललो. सांगितलं की ४८ तास जमणार नाहीत, ७२ तास धरा, दोन ड्रायव्हर पाठवतो. पहिल्यांदा कुरकुर केली, मग म्हणाला माल चौदा आणे (जवळपास पूर्ण) तयार होण्याऐवजी थोडा कमी तयार काढा, तीन दिवसांत बरोबर बसेल. म्हणजे झाडावरून काढायचा दिवसच मागे-पुढे केला की झालं, ड्रायव्हरला पळवायची गरज नव्हतीच. रूट गुजरातमार्गे. आरसी बघितली, १६.२ च आहे, त्यामुळे पल्पचे डबे अर्धेच घेतोय. फिटनेस जूनमध्ये संपतोय, तो आधीच करून घेतो.

चिपळूणचा_कागदवाला
डबे अर्धे झाले तर बिलाची किंमत पण बदलली, ई-वे बिल त्याप्रमाणे काढा, जुनंच काढून ठेवलं असेल तर २४ तासांत रद्द करता येतं.

मालवणी_म्हावरा
नि फुडल्या वर्साक बीएस सिक्स घे. १ ऑक्टोबर २०२५ च्या नंतर बनलेल्या ट्रकांक केबिनीत एसी सक्तीचो आसा, ड्रायव्हर तुका आशीर्वाद दितले.

हायवेचा_राजा
एसी असलेली गाडी घेतली तर मला कळवा, मीच येतो तुमच्याकडे.

खेडची_वहिनी
आधी तुमच्या मालकाला विचारा 😀 पावसकर, संगमेश्वरच्या त्या दुसऱ्या ड्रायव्हरचं लायसन हेवी ट्रान्सपोर्टचं आहे का, आणि मुदतीत आहे का, ते बघितलंत?

पावसकर_बागवाला
उद्या सकाळी त्याच्याकडे जाऊन बघतो.